मोहटोल्याच्या पाळीवरची हत्यारं

तुम्ही ज्या छपरीच्या सावलीला उभे आहात, तिला नवखी माणसं देऊळच समजतात. चपला काढतात, आत वाकून बघतात आणि गोंधळतात. आत देव नाही. सागाचे चार खांब, वर कवेलू, मागच्या भिंतीला तीन फळ्या आणि त्या फळ्यांवर सुताराची हत्यारं. करवती, रंधे, पटाश्या, भोकं पाडायची गिरमिटं, लाकूड तासायचे वाकस. सगळी मिळून ऐंशीच्या आसपास भरतील. काहींचं लोखंड इतकं जुनं की झिजून निम्मं राहिलंय, पण धार बघाल तर काल लावल्यासारखी. छपरीला कुलूप नाही, कारण दारच नाही. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं. कोणाला नांगर सांधायचा असतो, कोणाला पाळणा करायचा असतो, कोणाचा वासा मोडलेला असतो. काम झालं की धार लावून परत आणावं, एवढंच.

हत्यारं सुताराच्या घरी का नाहीत, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अशी उघड्यावर का, हे इथं येणारा प्रत्येक जण विचारतो. मी या छपरीची राखण करतो, म्हणून मला विचारतो. माझ्याआधी चंद्रभागाबाई राखण करायच्या. त्यांनी जे सांगितलं तेच मी सांगतो. बसा, पाळीवर वारा बरा आहे.

या मुलखात रेल्वे आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. मोहटोल्यात डोमाजी वाढई म्हणून सुतार होता. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. बारा गावांत त्याच्या हाताची सर कोणाला नव्हती. त्यानं केलेल्या दाराच्या दोन फळ्यांमध्ये पाणी ओतलं तरी पलीकडे ओल जायची नाही म्हणे. माणूस अबोल आणि हत्यारांच्या बाबतीत फार कडक. स्वतःची हत्यारं स्वतः करायचा. लोहाराशेजारी बसून पातं ठोकून घ्यायचा, खैराच्या नाहीतर धामणाच्या लाकडाचा दांडा स्वतः तासायचा, आणि ते हत्यार मग दुसऱ्या कोणाच्या हाती लागू द्यायचा नाही. पोटच्या पोराच्यासुद्धा.

पोराचं नाव इसन. बावीस वर्षांचा होता, वर्षापूर्वी लग्न झालेलं. बायको भागरता, आंधळगावाकडच्या वाढयाचीच लेक. इसनला बापाचं काम शिकायची फार हौस. पण डोमाजीचं म्हणणं एकच असायचं, की अजून तुझा हात बसला नाही, नुसतं बघत राहा. इसन आठ वर्षं बघत राहिला. एके दिवशी डोमाजी लाकूड आणायला रानात गेला असताना इसननं बापाचा वाकस घेतला आणि मागच्या अंगणात एकटाच तासायला बसला. वाकस कसा असतो तुम्ही बघितलाच आहे. कुदळीसारखं आडवं पातं, आणि घाव येतो तो आपल्याच पायाकडे. त्याचा एक घाव सरकला आणि नडगीत बसला. जखम फार मोठी नव्हती असं सांगतात, पण ती चिघळली, अंग ताठलं, आणि अकराव्या दिवशी पोरगा गेला.

त्याच्या दहाव्याच्या विधीला सगळा गाव या पाळीवर जमला होता. डोमाजी तलावात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, की माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या घरचं हत्यार दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. पाणी हातात घेऊन केलेली शपथ आमच्याकडे कोणी मोडत नाही, आणि कोणी दुसऱ्याला मोडायला सांगतही नाही.

त्यानंतर डोमाजीनं एक वेगळाच नाद धरला. कुठल्याही गावात वाढई वारला की हा तिथं जायचा, घरच्यांपाशी बसायचा आणि मेलेल्या माणसाची हत्यारं मागून आणायचा. बदल्यात घरातलं धान द्यायचा, गाय मागितली तर गाय द्यायचा. आणलेलं प्रत्येक हत्यार घासायचा, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि माजघरामागच्या खोलीत ठेवून कडी घालायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा हावरा झाला. तसं नव्हतं. त्याला लोखंडाची भीती बसली होती. जेवढं धारेचं लोखंड खोलीत कोंडलं, तेवढ्या पोरांचे पाय वाचले, असा त्याचा हिशेब होता.

अशी बारा वर्षं गेली. खोली भरली आणि गावं रिकामी झाली. जुने वाढई एकेक करून गेले, आणि बापाचं हत्यार नाही म्हटल्यावर नवा वाढई घडणार कसा? कोणाचा नांगर मोडला की तो डोमाजीकडे आणायचा, डोमाजी मुकाट्यानं नीट करून द्यायचा. बारा गावांचं काम एका म्हाताऱ्यावर आलं. घरात तो आणि सून. भागरता माहेरी परत गेली नव्हती. डोमाजीनं तिला एकदाही जा म्हटलं नाही, आणि दोघांमध्ये इसनचं नावही कधी निघालं नाही.

मग तो भादवा आला.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी उघडलं, पण तलाव काठोकाठ भरला होता. तेव्हा तलावाची राखण गणबा कोहळीकडे होती. कोहळी म्हणजे तलाव बांधणारे, पाण्याची नस ओळखणारे लोक. पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायची जी दगडी वाट असते तिला आम्ही तुडूम म्हणतो. तुडुमाच्या तोंडावर सागाची जाड झडप होती. पुरात वाहून आलेलं एक झाड त्या झडपेवर आदळलं आणि झडप फुटली. पाणी धो धो बाहेर पडू लागलं. गणबा खाली जाऊन बघतो तर पाणी तांबडं. आमच्या तलावाचं पाणी काळसर असतं, पाळीची माती तांबडी. पाणी तांबडं येतं याचा अर्थ पाळ आतून विरघळते आहे. गणबानं लोकांना सांगितलं, की आज दिवस मावळेपर्यंत हे तोंड बंद झालं नाही तर पाळ राहत नाही.

पाळीखाली तेव्हा तीन टोले, म्हणजे वाड्या होत्या, सव्वाशे-दीडशे घरं. धडधाकट माणसं टेकडीवर गेली असती. पण खाटेवरची म्हातारी होती, दोन बाळंतिणी होत्या, दावणीची जनावरं होती, आणि धान दुधात आलं होतं. शिवाय तलाव फुटला की पुढच्या उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. गावच उठलं असतं.

गणबानं उपाय सांगितला. तुडुमाच्या तोंडापुढे पाण्यात खुंटांच्या दोन अर्धगोल रांगा ठोकायच्या, खुंटांना फळ्या अडकवायच्या आणि दोन रांगांच्या मधे चिकणमाती नि भाताचं तणस कोंबायचं. पाण्यात काम करायला ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, आपले डोंगे, लाकडी होड्या, घेऊन तयार होते. लाकूडही होतं, लोकांनी मांडवाच्या मेढी उपटल्या, दारं काढली, गाड्यांचे दांडे आणले. पण नुसत्या कुऱ्हाडीनं टोक काढलेला खुंट त्या ओढीत उभा राहीना. खुंटाला खाच पाहिजे, खाचेत फळी नीट बसली पाहिजे, आडव्या वाशाला भोकं पाडून त्यात खुंट ओवले पाहिजेत. त्याला करवत लागते, पटाशी लागते, गिरमिट लागतं. आणि बारा गावांतलं ते सगळं लोखंड एका खोलीत होतं.

डोमाजी एकटा आपली हत्यारं घेऊन केव्हाच पाळीवर आला होता आणि खाली मान घालून काम करत होता. पहिल्या घटकेत त्याचे तीन खुंट झाले. लागणार होते साठ. आजूबाजूला सगळा गाव रिकाम्या हातानं उभा होता. सगळ्यांना ती खोली ठाऊक होती, शपथही ठाऊक होती. गणबा त्याच्याजवळ येऊन नुसता उभा राहिला, पाण्याकडे बघितलं आणि परत गेला.

तेव्हा भागरता पुढे आली. बारा वर्षांत ती सासऱ्याशी जेवणखाण सोडून फारसं बोलली नव्हती. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मामाजी, त्यांना वाकसानं मारलं नाही. त्यांना वाकस धरायचा कसा, हे कोणी सांगितलं नव्हतं."

डोमाजीचा हात थांबला.

"मी माझ्या बापाच्या दोघांनी ओढायच्या आऱ्याचं खालचं टोक दहा वर्षांची असताना धरलं," ती म्हणाली. "बाप वर, मी खाली. भुसा डोळ्यांत जायचा तर बाप थांबायचा, डोळे पुसायचा, मग पुन्हा ओढायचा. मला कधी ओरखडा नाही उठला. ते तुमच्यासमोर शिकले असते तर आज इथं असते."

लोकांना वाटलं, म्हातारा आता उठून जाईल. चंद्रभागाबाई सांगायच्या, की डोमाजीनं हातातली पटाशी मातीवर ठेवली. मग म्हणाला, "हो. मी शिकवलं नाही." एवढंच. बारा वर्षं जे पोटात होतं ते या चार शब्दांत बाहेर आलं.

पण शपथ होतीच. ओंजळीतल्या पाण्याला दिलेला शब्द होता. डोमाजी उठला, भागरतेला घेऊन घरी गेला, खोलीची कडी काढली. दोघांनी हत्यारं टोपल्यांत भरून पाळीवर आणली. कोणाला हात लावू दिला नाही. सहा-सात खेपा झाल्या. फडकी सोडून त्यानं एकेक हत्यार या जागेवर, पाळीच्या मातीवर, ओळीनं मांडलं. मग तलावात गुडघाभर उतरला, पुन्हा ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला,

"ही आता माझ्या घरची नाहीत. तलावाची आहेत. माझ्या घरात यातलं एकही परत येणार नाही."

शपथ मोडली नाही आणि खोली रिकामी झाली. स्वतःच्या हातची हत्यारंसुद्धा त्यानं त्याच ओळीत नेऊन ठेवली.

लोक धावले. डोमाजीनं त्यांना अडवलं. तेवढ्या घाईतही त्यानं कोणाला नुसतं हत्यार उचलू दिलं नाही, असं सांगतात. पाणी तिकडे पाळ खात होतं, आणि हा एकेकाला समोर उभा करून हत्याराची पकड दाखवत होता. वाकस घेणाऱ्याचे पाय स्वतःच्या हातानं फाकवून बाजूला करायचा. पटाशी घेणाऱ्याचा डावा हात धरून पटाशीच्या मागे ठेवायचा. सगळ्यांना एकच वाक्य सांगायचा, "धार जिकडे जाईल तिकडे अंग नको." कोणी अधीर होऊन पुढे घुसला तर त्याला मागे पाठवायचा. गणबाला वाटलं, यात दुपार जाईल. पण घटका-दीड घटकेत चाळीस माणसं कामाला लागली. कोणी म्हणतात साठ होती. बायाही होत्या. भागरतेनं आरा घेतला आणि लोहाराच्या आईला खालच्या टोकाला बसवलं. ज्यांनी जन्मात विळ्याशिवाय काही धरलं नव्हतं, ते खाचा पाडू लागले.

डोमाजीनं त्यानंतर स्वतः एकही खुंट केला नाही. तो नुसता फिरत होता. कोणाचा पाय पुढे आला की काठीनं मागे सारायचा, कोणाचा हात थकला दिसला की हत्यार काढून घ्यायचा आणि त्याला माती वाहायला पाठवायचा.

दुपार कलली तेव्हा पहिली रांग उभी राहिली. डोंग्यांतून ढिवरांनी खुंट ठोकले, त्यांच्यात लक्षू म्हणून एक दांडगा गडी होता, त्यानं एकट्यानं वीसेक ठोकले म्हणे. खुंट पाण्यात बसेना की तो डोंग्यातच वाकसानं त्याचं टोक सारखं करायचा. दुसरी रांग लागली, फळ्या बसल्या, मधे माती पडू लागली. पाळीखालच्या तोंडातून येणारं पाणी आधी अर्धं झालं, मग मनगटाएवढं राहिलं, मग नुसतं पाझरू लागलं. गणबा खाली वाकला, ओंजळीत ते पाणी घेतलं आणि वर बघून म्हणाला, "काळं आहे." म्हणजे तलावाचंच पाणी, पाळीची माती नाही. पाळ वाचली होती. सगळे होते तिथंच चिखलात बसले. एक बाळंतीण पोराला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, ती तशीच आत गेली आणि चूल पेटवायला लागली.

दिवस मावळायला अजून घटकाभर अवकाश होता. डोमाजी इथं बसला आणि त्यानं हत्यारं परत आणायला सांगितली. बहुतेक पाती बोथट झाली होती, काहींचे तुकडे उडाले होते, दोन करवतींचे दात गेले होते. बारा वर्षं तेल लावून जपलेलं लोखंड. आता म्हातारा काय म्हणेल, या भीतीनं जो तो मान खाली घालून आला.

डोमाजीनं एकाही हत्याराकडे बघितलं नाही. माणूस समोर आला की हत्यार बाजूला ठेवायला सांगायचा आणि त्याचे दोन्ही हात हातात घ्यायचा. उलटे करून बघायचा, सुलटे करून बघायचा. मग खाली वाकून पाय बघायचा, चिखल असेल तर पुसून बघायचा. बोटं मोजायचा. मग म्हणायचा, "बरं आहे. जा घरी." पुढचा यायचा. एका बाईच्या तळव्यावर फोड आला होता, त्यावर त्यानं टोळीचं तेल लावलं. एकाच्या पोटरीवर रक्त दिसलं तेव्हा डोमाजीनं घाईनं ते पुसून बघितलं. पण तो बाभळीचा काटा निघाला.

सगळे झाले, लक्षू आला नाही. त्याचा वाकसही नाही. कोणी म्हणालं, घरी गेला असेल. घरी माणूस पाठवला, तिथं नव्हता. डोमाजी उठला. त्याला चालताना कोणी धरायला गेलं तर त्यानं हात झटकला. पाळीच्या कडेनं तो पाण्याकडे उतरत गेला, मागून भागरता, तिच्यामागे गाव. लव्हाळ्यात एक डोंगा अडकला होता. लक्षू त्यात उताणा पडला होता. डोळे मिटलेले, पायावर तांबडा गाळ, आणि वाकस उशाला.

डोमाजी पाण्यात शिरला. डोंग्याची कड धरून त्यानं लक्षूचा एक पाय उचलला, ओंजळीनं पाणी घालून धुतला. मग दुसरा. नडगीवरून हात फिरवला. कुठं काही नव्हतं. गाळच होता. तेवढ्यात लक्षूनं मोठ्यानं घोरायला सुरुवात केली.

गडी दमून झोपला होता. दिवसभर खुंट ठोकून जिथं डोंगा लागला तिथंच आडवा झाला होता.

मागं गाव हसायला लागलं, असं सांगतात. डोमाजी हसला नाही. तो लक्षूचा पाय तसाच छातीशी धरून कंबरभर पाण्यात उभा राहिला आणि रडला. इसन गेला तेव्हा तो रडला नव्हता. भागरता पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. लक्षूला उठवू नका, एवढंच तो तिला म्हणाला.

पुढे पाणी ओसरल्यावर नवी झडप केली. आणि हत्यारं घरी न्यायची नाहीत म्हणून त्यांच्यावर सावली हवी, तर ही छपरी बांधली. खांब डोमाजीनं तासले, पण एकट्यानं नाही. तो त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि रोज सकाळी इथं येऊन बसायचा. ज्याला शिकायचं असेल त्याला शिकवायचा, जात-गोत विचारलं नाही. त्याच्यामागं राखण भागरतेनं केली. तिनं किती जणांना आरा ओढायला शिकवलं त्याची मोजदाद नाही. राखणदार तेव्हापासून घराण्यातला नसतो. जो आधीचा असेल तो ठरवतो. चंद्रभागाबाई तेलीण होत्या, मी ढिवर.

आजही इथलं हत्यार न्यायला कोणाला विचारावं लागत नाही. हरवलं तरी राखणदार रागावत नाही, नवं करून आणा म्हणतो. मात्र परत करायला माणसानं स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. मी हत्यार बघत नाही. आधी दोन्ही हात बघतो, मग पाय बघतो, मग म्हणतो, बरं आहे, जा घरी. मागच्या वर्षी तुमसरकडच्या एका मुलानं बहिणीच्या लग्नातल्या चौरंगासाठी इथून रंधा नेला आणि पुढं पुण्याला नोकरी लागली म्हणून तो एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवला. धार सुरेख लावली होती. मी तो घेतला नाही, त्याच गाडीनं त्याच्या घरी परत पाठवला. सात महिन्यांनी दिवाळीला सुट्टी घेऊन तो स्वतः आला. पिशवीतून रंधा काढला, फळीवर ठेवला, आणि काही न विचारता पायांतले बूट, मोजे काढून इथं माझ्यासमोर पाय लांब करून बसला.